आरमधलं पहिलं पॅकेज: माझ्याकडे चालतं, भावाकडे सगळं एनए

चिवल्याची
रविवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितेय. आमच्याकडे संध्याकाळपासून लाइट ये-जा करतेय आणि लॅपटॉपची बॅटरी तासभरही टिकत नाही. फोनवर मराठी कळफलकच आहे, तेव्हा फंक्शनांची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहिते, सांभाळून घ्या.

पॅकेज म्हणजे आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत फंक्शनं आणि डेटा एकत्र बांधून दुसऱ्याला देता येतो तो गठ्ठा. माझं कसलं ते आधी सांगते. आमचे आजोबा मालवणात रापणीवर होते. ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीतून जाळं अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि वाळूत पाय रोवून दोन्हीकडून ओढायचं. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. वाट्यांचा हिशेब आजोबांकडे असायचा, म्हणून वह्याही त्यांच्याकडे. वाण्याच्या दुकानात असतात तसल्या लांबट, लाल कापडाच्या अकरा वह्या. प्रत्येक ओढीला एक ओळ: तारीख, तिथी, किनारा, मासळी, किती टोपल्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, आरशी ओळख एम.एस्सी.च्या वेळची. मे महिन्यापासून वह्या टाइप करतेय. तीन झाल्या, सोळाशेच्या आसपास ओळी. अक्षर लागलं नाही की आजोबांना विचारायचं. ते चष्मा शोधतात, मग वही लांब धरतात, मग त्या दिवसाची अख्खी गोष्ट सांगतात. त्यामुळे वेग किती असेल ते तुम्हीच ओळखा.

पॅकेजमध्ये दोनच फंक्शनं आहेत. एक भरतीचं. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करतात ना, तेच: चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. दुसरं मासळीच्या नावाचं. आजोबा एका पानावर इसवण लिहितात, पुढच्या पानावर सुरमई. कधी बांगडा, कधी बांगडे. मग मी त्रेचाळीस नावांची एक यादी कोडमध्येच लिहिली, डावीकडे वहीतलं नाव आणि उजवीकडे एकच ठरवलेलं नाव, आणि डीप्लायर नावाच्या तयार पॅकेजातल्या लेफ्ट जॉइनने जोडते. नाव जुळलं नाही की तिथे एनए येतं, म्हणजे ‘माहिती नाही’. स्तंभांची नावं रोमनमध्ये आहेत, मासळीची देवनागरीत. शिवाय टाइप केलेल्या ओळींचा एक डेटासेट.

आता रडगाणं. आरस्टुडिओत, म्हणजे मी आर लिहिते त्या प्रोग्रॅममध्ये, नवीन प्रोजेक्ट, आर पॅकेज, असं केलं. हॅलो नावाची फाइल आली ती उडवली, माझ्या दोन ठेवल्या. डॉक्युमेंटची आज्ञा चालवली तर म्हणे नेमस्पेस फाइल (पॅकेजातलं काय बाहेर वापरता येईल त्याची यादी) रॉक्सिजनने (कोडवरच्या टिप्पण्यांतून ती यादी आणि मदतपानं बनवणारं पॅकेज) बनवलेली नाही, म्हणून सोडून दिली. तीनदा तेच ऐकल्यावर मी नेमस्पेस डिलीट केली. मग डॉक्युमेंट गपचूप चाललं. लोड ऑल (इन्स्टॉल न करता पॅकेज चालवून बघायची आज्ञा) केलं की दोन्ही फंक्शनं छान चालतात. पण इन्स्टॉल करून, आर बंद करून, परत उघडून लायब्ररी म्हटलं की ‘कुड नॉट फाइंड फंक्शन’. पॅकेज सापडतं, फंक्शन सापडत नाही! शेवटी जुनी नेमस्पेस रिसायकल बिनमधून परत आणली, तेव्हा चाललं.

तीच बांधणी कुडाळच्या चुलत भावाला पाठवली. त्याच्याकडे आधी ‘डीप्लायर नावाचं पॅकेज नाही’ म्हणून थांबलं. त्याने ते टाकलं. मग इन्स्टॉल होताना ‘अनएबल टू री-एन्कोड’ आणि पुढे ओळींचे नंबर, पण झालं इन्स्टॉल. मग लेफ्ट जॉइन सापडेना. त्याने स्वतःच लायब्ररी डीप्लायर म्हटलं, तेव्हा चाललं, आणि मासळीच्या स्तंभात वरपासून खालपर्यंत एनए. एकही नाव नाही. माझ्याकडे तोच कोड, तोच डेटा, आणि एनए फक्त अडतीस ओळींत. त्या सगळ्या मोऱ्यांच्या, म्हणजे मोरी या माशाच्या आहेत. यादीत मोऱ्या आहे, मी डोळ्यांनी बघतेय.

माझं विंडोज ११, आर ४.४. भावाचं विंडोज १०, आर ४.१. चेक (पॅकेजची आपोआप तपासणी) चालवलं तर चार वॉर्निंग आणि दोन नोट. त्यातली एक वॉर्निंग आस्कीबाहेरच्या (साध्या इंग्रजी अक्षर-अंकांबाहेरच्या) अक्षरांबद्दल आहे. आस्कीत मासे कसे लिहायचे?

आजोबा रोज विचारतात, ‘तुझा मशीन काय म्हणता गो?’ काय सांगू?

---

बाबल्या_डॉस
रविवार, रात्री ११.४१

गो बाय, दोन फंक्शनांसाठी पॅकेज कशाला? एका फाइलीत टाक, भावाला पाठव, त्याने सोर्स करावं, म्हणजे ती फाइल थेट चालवावी. पाच मिनिटांचं काम. मी वीस वर्षं असंच करतोय.

---

जैतापूरचा_दिवा
सोमवार, सकाळी ७.०५

बाबल्या, तुझी ती एक फाइल मला तीन वेगवेगळ्या नावांनी आलेली आहे, शेवटची ‘फायनल नवीन २’. राहू दे.

ताई, तुमच्याकडे एक नाही, चार वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्यात. सोडवू.

पहिली, फंक्शन न सापडण्याची. आरस्टुडिओ जो साचा देतो त्यातल्या नेमस्पेसमध्ये एकच ओळ असते: अक्षराने सुरू होणारं सगळं बाहेर द्या. ती फाइल हाताने लिहिलेली समजून रॉक्सिजन तिला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही ती उडवलीत हेही बरोबर केलंत. मग रॉक्सिजनने स्वतःची बनवली, पण ते फक्त तेवढंच बाहेर देतं ज्याच्या डोक्यावर तुम्ही ‘ॲट एक्सपोर्ट’ लिहिलंय. तुम्ही लिहिलं नसणार. म्हणून दार बंद. आणि लोड ऑल मुद्दामच सगळी दारं उघडून ठेवतं, आतलं-बाहेरचं बघत नाही, त्यामुळे तिथे कळत नाही. जुनी नेमस्पेस पुन्हा उडवा, दोन्ही फंक्शनांच्या वर हॅश-अपॉस्ट्रॉफीच्या ओळीत ॲट एक्सपोर्ट लिहा (हॅशच्या पुढे ते एकेरी चिन्ह हवंच, नाहीतर ती साधी टिप्पणी होते, माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय), डॉक्युमेंट करा.

हॅलोची फाइल उडवलीत, पण मॅन फोल्डरमध्ये तिचं मदतपान अजून पडलेलं असेल. फंक्शन नाही आणि पान आहे, ही एक वॉर्निंग. दुसरी बहुतेक लायसन्सची. डिस्क्रिप्शन फाइल उघडून बघा, लायसन्सच्या समोर ‘व्हॉट लायसन्स इज इट अंडर?’ असा प्रश्नच छापलेला असेल. साच्यातला. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचंय, यूजदिस नावाच्या मदतनीस पॅकेजात एमआयटी लायसन्सचं फंक्शन आहे. तिसरी डेटासेटला मदतपान नसल्याची असेल. लिहा, आजोबांच्या वह्यांबद्दल चार ओळी तरी येतील.

दुसरी गोष्ट डीप्लायर. तुम्ही कोडच्या फाइलीत सगळ्यात वर लायब्ररी डीप्लायर लिहिलंय ना? स्क्रिप्टची सवय. पॅकेजमध्ये ती ओळ इन्स्टॉल होताना एकदाच चालते, वापरताना नाही. म्हणून भावाकडे आधी इन्स्टॉल अडलं आणि नंतर लेफ्ट जॉइन हरवलं. तुमच्याकडे कन्सोलमध्ये डीप्लायर दिवसभर उघडंच असतं, तुम्हाला काय कळणार. ती ओळ काढा, यूजदिसच्या यूज पॅकेजने डीप्लायरचं नाव डिस्क्रिप्शनच्या इम्पोर्ट्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) घाला, आणि कोडमध्ये डीप्लायर, कोलन कोलन, लेफ्ट जॉइन, असं पूर्ण नावाने बोलवा. भावाला म्हणावं रिमोट्स पॅकेजातल्या इन्स्टॉल लोकलने टाक, ते इम्पोर्ट्समधलं सगळं आधी आणून ठेवतं.

तिसरी, भावाचे एनए. हे मुख्य. विंडोजवर आरने स्वतःचं घरचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या बसतात असं, केलं ते ४.२.० पासून, एप्रिल २०२२ मध्ये. त्याआधीच्या आरला विंडोजवर देवनागरी परकी. भावाच्या ४.१ ने तुमची कोडची फाइल आपल्या एन्कोडिंगमध्ये आणायचा प्रयत्न केला, ते जमेना, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचे बाइट कोनांच्या कंसात लिहून ठेवले. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. बांगडा शब्दात सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. त्याच्या मशीनवर तुमच्या यादीत बांगडा नाहीच, अठरा बाइटांची माळ आहे. डेटासेट मात्र वेगळ्या फाइलीत, आपलं एन्कोडिंग बरोबर घेऊन गेलेला, त्यामुळे तिथे बांगडा शाबूत. एकीकडे बांगडा, दुसरीकडे माळ. जुळणार कसं? सगळे एनए.

आस्कीची वॉर्निंग तुम्हाला हेच सांगत होती. मासे देवनागरीत असायला तिची ना नाही, आर कोडच्या फाइलीत नसावेत एवढंच. एखाददुसरा शब्द असता तर स्ट्रिंगी पॅकेजाच्या एस्केप युनिकोडने त्याचे आकडे करून चिकटवता आले असते. त्रेचाळीस नावं तशी लिहिलीत तर पुढच्या वर्षी तुम्हालाच वाचता येणार नाहीत. यादी कोडमधून बाहेर काढा. डेटा-रॉ फोल्डरमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या स्तंभांची साधी फाइल) ठेवा, तिथल्याच एका स्क्रिप्टने ती वाचून यूज डेटाने, इंटर्नल ट्रू देऊन, आत साठवा. नवीन नाव सापडलं की सीएसव्हीत एक ओळ वाढवायची, स्क्रिप्ट परत चालवायची. आणि भावाला आर बदलायला लावाच. यादी डेटात गेली की जुन्यावरही जुळेल कदाचित, पण छापताना त्याला माशांऐवजी कोनातले यू आणि आकडे दिसतील.

नोटपैकी एक ‘नो व्हिजिबल बाइंडिंग’ असेल. डीप्लायरमध्ये स्तंभाचं नाव उघडं लिहिलं की चेकला ते न सांगितलेलं व्हेरिएबल वाटतं. आरलँग पॅकेजातलं डॉट डेटा लावा, जाते.

चौथी गोष्ट तुमच्या अडतीस मोऱ्या. ती मला कळलेली नाही. स्पेस आहे का शेवटी?

---

चिवल्याची
सोमवार, रात्री १०.१५

दिवे, खूप आभार. कॉलेजातून आल्यावर बसले, आत्ता उठतेय.

ॲट एक्सपोर्ट लिहिलं, चाललं. लायसन्सचा प्रश्न खरंच होता तिथे, मी आत्तापर्यंत ती फाइल पूर्ण वाचलीच नव्हती. लायब्ररीची ओळसुद्धा होती, अगदी पहिली.

सीएसव्हीने मात्र दीड तास खाल्ला. एक्सेलमध्ये यादी टाइप केली, सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, उघडली तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी प्रश्नचिन्हं. सुरमईची पाच प्रश्नचिन्हं आणि इसवणीची चार. परत सगळं टाइप केलं. मग खालच्या यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय दिसला. त्याने नावं नीट आली, पण पहिल्या स्तंभाच्या नावापुढे एक्स, यू, फेफ असलं काहीतरी चिकटलं आणि स्क्रिप्ट म्हणे असा स्तंभच नाही. शोधल्यावर कळलं की एक्सेल फाइलीच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण ठेवतं. रीड सीएसव्हीला फाइल एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-बॉम’ सांगितल्यावर गेलं ते.

भावाने आर नवीन टाकलं. त्याच्याकडे मासे दिसायला लागले. फोनवर ओरडलाच, ‘गो, इसवण इली!’ वॉर्निंग शून्य.

पण मोऱ्या तशाच. आता दोघांकडेही अडतीस. स्पेस नाही, ट्रिम करून पाहिलं. गंमत म्हणजे एकूण मोऱ्या एकोणसाठ ओळींत आहेत, त्यातल्या एकवीस जुळतात. दोन्ही एकाखाली एक ठेवून मोठ्या अक्षरात छापल्या. फरक नाही. आजोबांना दाखवल्या. म्हणाले, मोरी ती मोरीच.

---

बाबल्या_डॉस
सोमवार, रात्री १०.३०

मोरी पहिल्यापासून हातात लागत नाही, घसरते.

---

हेदवीकर_काकू
मंगळवार, दुपारी २.४०

मला तुमचं आर वगैरे काही कळत नाही, लेकाने हा धागा दाखवला म्हणून लिहिते. मी चिपळुणात एकोणीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, पंचायतीचे अहवाल, दिवाळी अंक. तुझी मोऱ्यांची भानगड मला पहिल्या वाचनात कळली.

अगं, ऱ्य दोन प्रकारे लिहितात. तो जो आडवा, केसासारखा र आहे ना, त्याला काही जण स्वतंत्र ऱ वापरतात, नुक्ता असलेला. इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट दाबून जेची कळ. आणि काही कळफलक साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. छापल्यावर दोन्ही एकसारखे, मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही. पण शोधा-बदला केलं की एक सापडतो, दुसरा सापडत नाही. ‘दऱ्याखोऱ्या’ असा शब्द असलेला एक अहवाल मला चार वेळा परत आला होता तो याच पायी. तेव्हापासून काम आलं की आधी सगळे ऱ एका जातीचे करून घ्यायचे.

तू काही ओळी फोनवर आणि काही लॅपटॉपवर टाइप केल्यास का?

---

जैतापूरचा_दिवा
मंगळवार, दुपारी ३.०२

काकू, पायाशी बसावं तुमच्या.

ताई, पडताळून बघा. जुळणाऱ्या एका मोऱ्याला आणि न जुळणाऱ्या एकाला एनकॅर लावा, ते चिन्हं मोजतं. एकाला ६ येतील, दुसऱ्याला ७. मग यूटीएफ-८ टू इंट लावा, ते प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक देतं. जुळणारा असा दिसेल: २३५०, २३७९, २३५३, २३८१, २३५१, २३६६. न जुळणाऱ्यात २३५३ च्या जागी २३५२ असेल, आणि २३८१ नंतर मध्येच एक ८२०५. तो ८२०५ म्हणजे काकूंचं न दिसणारं जोडचिन्ह.

मला आधी वाटलं होतं की युनिकोडचं सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या पद्धती एक करणं) लावलं की झालं, स्ट्रिंगीत त्याचंही फंक्शन आहे. त्याने होत नाही. र अधिक नुक्ता असेल तर तो एकत्र ऱ करतो, पण जोडचिन्हाच्या प्रकाराला हात लावत नाही. ते आपणच बदलायचं. जीसब, म्हणजे आरचं शोधा-बदला, फिक्स्ड ट्रू देऊन. शोधायचं काय, तर इंट टू यूटीएफ-८ ला २३५२, २३८१, ८२०५ देऊन जे मिळेल ते. त्याजागी २३५३, २३८१. आकडेच असल्याने कोडमध्ये देवनागरीचं एक अक्षरही येत नाही, चेक गप्प राहतो. हे छोटं तिसरं फंक्शन करा, त्याला एक्सपोर्ट नको, आतल्या आत राहू दे. आणि फक्त डेटाला लावून थांबू नका. यादीलाही लावा आणि वापरणारा जे नाव देईल त्यालाही. पुढचा माणूस कुठल्या कळफलकाने मोऱ्या लिहील, सांगता येत नाही.

---

चिवल्याची
मंगळवार, रात्री ९.५०

सहा आणि सात! मध्ये ८२०५!! काकू, बरोबर ओळखलंत. पहिली वही लॅपटॉपवर टाइप केली होती, दुसरी-तिसरी फोनवर, आजोबांच्या खाटेशेजारी बसून. एकवीस आणि अडतीस, अगदी तिथेच तुटतात. एकोणसाठच्या एकोणसाठ जुळल्या.

मी ते ८२०५ शंभरदा डोळ्यांसमोरून नेलं असेन.

---

हर्णैची_जेटी
बुधवार, सकाळी ६.३०

मासळीचं निस्तरलं, आता भरतीकडे बघूया का? त्या फंक्शनला कोणी हातच लावला नाही.

पाऊणपट म्हणजे तिथीला पंचेचाळीस मिनिटं. पण पंधरा तिथ्यांत भरती बारा तास सरकते, बारा तासांची मिनिटं सातशेवीस, भागिले पंधरा, अठ्ठेचाळीस. तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात. चतुर्थीला बारा मिनिटांचा फरक, कोणी विचारत नाही. पण पौर्णिमेला तुमचं फंक्शन पंधरा गुणिले पाऊण करून सव्वाअकरा सांगेल, आणि ज्या नियमावर ते उभं आहे तो तर पुनवेला-अवसेला बारा धरतो. प्रतिपदेला परत पाऊण वाजता. म्हणजे एका तिथीत तुमची भरती दीड तासाची उडी मारते. समुद्र अशी मारत नाही.

तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी, म्हणून ती टिकली. मशीनला अठ्ठेचाळीसने गुणायला काय कष्ट? आणि तरीही हा ठोकताळाच. जागेप्रमाणे वेळ मागे-पुढे होते, तेव्हा किनाऱ्याची मिनिटं वेगळी देता येतील असा एक आर्ग्युमेंट ठेवा, न दिल्यास शून्य. अचूक वेळ ज्याला हवी त्याने भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं बघावी, असं मदतपानात लिहून टाका.

टेस्टदॅट या चाचण्यांच्या पॅकेजाने दोन-तीन चाचण्याही लिहा. चतुर्थी, अष्टमी आणि पौर्णिमा एवढ्या पुरेत. पौर्णिमेची चाचणी आधी लिहिली असतीत तर हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

---

चिवल्याची
गुरुवार, रात्री १०.४०

जेटी, आजोबांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, पाऊणपट मधल्या तिथींची, पुनवेक-अवसेक कोण गुणाकार करता? उधाण ता डोळ्यांक दिसता. म्हणजे नियमाचा दुसरा अर्धा भाग त्यांना माहीत होता, सांगायचा राहिला होता, कारण मी विचारला नव्हता.

अठ्ठेचाळीस केले. आधी तासांत ठेवलं होतं, तिथी गुणिले ०.८. तृतीयेची चाचणी लिहिली: तीन गुणिले ०.८ बरोबर २.४, दोन बरोबर-चिन्हांनी. नापास! मी गणित शिकवते हो, तीन आठे चोवीस. मग लक्षात आलं की ०.८ दोनच्या पायात (संगणकाच्या बायनरीत) नेमका बसत नाही, शेवटच्या घरात कण उरतो. एक्स्पेक्ट इक्वल वापरलं तर तो कण सोडून देतं आणि पास करतं. पण मिनिटांतच ठेवलं तर कणच नको, तीन गुणिले अठ्ठेचाळीस एकशे चव्वेचाळीस. छापताना तास-मिनिटं करते. तृतीयेला २ वाजून २४ मिनिटं. वर्गात उद्या हे सांगणार आहे.

चेक आता असं: एरर शून्य, वॉर्निंग शून्य, नोट एक. ‘मार्क्ड यूटीएफ-८ स्ट्रिंग’ सापडल्या म्हणे, वह्यांच्या डेटासेटमध्ये. ही घालवायची कशी?

---

जैतापूरचा_दिवा
गुरुवार, रात्री १०.५८

नका घालवू. ती फक्त कळवतेय की डेटात देवनागरी आहे. आहेच.

---

चिवल्याची
शनिवार, रात्री ८.१०

आवृत्ती ०.१.१ भावाला पाठवली. त्याच्याकडे पहिल्या झटक्यात टाकली गेली, काही न विचारता. इथेही सगळ्यांना सांगून ठेवते, मोऱ्या शोधणाऱ्या काकूंचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये योगदान देणाऱ्यांत घालायचं होतं, त्या नको म्हणाल्या. मग बाबल्याचंही घातलं नाही.

आज दुपारी पहिल्या वहीचा तक्ता छापून आजोबांना दिला. दिवस, तिथी, भरतीची वेळ, मासळी, टोपल्या. खिडकीपाशी नेऊन बोट फिरवत त्यांनी पहिली दोन पानं वाचली. भरतीच्या वेळांवर काही बोलले नाहीत, म्हणजे पटल्या असाव्यात. मग एका ओळीवर बोट थांबलं. टोपल्यांच्या खाली शून्य.

‘ह्या काय?’

म्हटलं, त्या दिवशी काही मिळालं नाही.

‘त्या दिसा जाळा घातलाच नाय. वारो व्हतो. मगे शून्य कित्याक?’

वही काढून बघितली. काही ओळींत टोपल्यांच्या जागी शून्य आहे आणि काही ओळींत आडवी रेघ. शून्य म्हणजे जाळं ओढलं आणि रिकामं आलं. रेघ म्हणजे जाळं पडलंच नाही. मी दोन्हीला शून्य टाइप केलंय, तिन्ही वह्यांत. सरासरी काढायची ती या शून्यांवरच तर काढणार होते. रेघेचे एनए हवेत, आणि हे एनए खरे.

चेकला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. सोळाशे ओळी परत वहीशी लावून बघायच्यात. उद्या सकाळी आजोबा आणि मी पहिल्या वहीपासून बसतोय, त्यांनी आत्ताच चष्मा उशाशी काढून ठेवलाय.